मोमोचं आजारपण

कौसाबाईंना त्या प्राण्याचं नाव कधी धड घेता आलं नाही. सनीने, त्यांच्या धाकट्या मुलाने, तो उल्हासनगरच्या एका दुकानातून आणला तेव्हा "आई, हा अ‍ॅक्सोलॉटल" असं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. कौसाबाईंनी ऐकलं ते अक्कलकोट. तेव्हापासून बिल्डिंगमधलं कोणी विचारलं, की त्या सांगत, "आमच्या सनीचं अक्कलकोट हाय ते. पाण्यातली पाल." दिसायलाही तो तसाच होता. वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार बारीक पाय, चपटी शेपटी, रुंद तोंडावर कायमचं हसू आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले. सनी त्याला मोमो म्हणायचा.

मग सनीला चेन्नईत नोकरी लागली. ट्रेनिंगच्या हॉस्टेलवर माणसाचीच अडचण, तिथे मोमोला कुठे नेणार? निघताना तो काचेच्या टाकीपाशी उभा राहिला आणि आईला नाही, वहिनीला म्हणाला, "वहिनी, तू बघशील ना?"

मैत्रेयीने तोवर त्या प्राण्याला बोटही लावलं नव्हतं. तिने टाकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघेन."

तिचं बोलणं असंच, मोजकं. सुजितने, थोरल्या मुलाने, तिच्याशी रजिस्टर लग्न केलं त्याला दोनेक वर्षं झाली होती. ती अंबरनाथच्या बुवापाड्यातली, बौद्ध घरातली. उल्हासनगरच्या एका खासगी इस्पितळात नवजात बाळांच्या कक्षात नर्स होती. कौसाबाईंनी लग्नाला विरोध केला नाही, पण आनंदही दाखवला नाही. नवरा, हिंदुराव, गेल्यावर वांगणीची शेती दिराकडे सोपवून त्या बदलापुरात, मांजर्लीच्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. घरात सासू-सुनेचं भांडण म्हणून कधी झालं नाही. एकमेकींना चहा देत, औषधाची आठवण करत, आणि आपापल्या खोलीत जात. मैत्रेयीच्या आईचं, भागीरथीबाईंचं, जेवायचं बोलावणं वरचेवर यायचं. एकदा कौसाबाईंचा उपवास निघाला, एकदा गुडघा धरला, एकदा वांगणीला जायचं ठरलेलं होतं. मैत्रेयीने कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याचं कौसाबाईंना बरंही वाटे आणि कुठेतरी टोचेही.

मे महिना लागला. बदलापूरचा उन्हाळा तसा दरवर्षीच भाजून काढणारा, पण यंदा दुपारी खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसे. एका सकाळी कौसाबाई देवपूजा आटोपून बाहेर आल्या, तर मैत्रेयी ड्युटीचे कपडे घालून टाकीसमोर गुडघे टेकून बसली होती. बस निघून जायची वेळ झाली होती, तरी हलत नव्हती.

"आई, याला बरं नाहीये," ती म्हणाली.

कौसाबाईंनी डोकावून पाहिलं. मोमो तळाशी पडून होता. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. डाव्या बाजूच्या कल्ल्यांवर कापूस पिंजून चिकटवावा तसं पांढरं काहीतरी आलं होतं.

"मग आता गो?" कौसाबाई म्हणाल्या. "पाण्यातल्या जिवाला काय डॉक्टर असतो?"

डॉक्टर होता. ठाण्याला ऋतिका नावाच्या एक डॉक्टर असे वेगळे प्राणी तपासत. मैत्रेयीने इस्पितळात उशीर होईल म्हणून कळवलं आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मोमो कसा श्वास घेतो, कल्ले पुढे वळलेत की मागे, शेवटचं कधी खाल्लं, हे सगळं ती सांगत होती. तिच्या आवाजात घाबरटपणा नव्हता आणि कोरडेपणाही नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, उकाड्याने त्याची ताकद गेलीय, त्यात बुरशी धरलीय. थंड पाण्याच्या तळ्यातला हा प्राणी, त्याला पाणी गार लागतं. इतक्या लांब आणायचा झाला तर वाटेतच जाईल. टाकीतून काढा, एका स्वच्छ टबात ठेवा, पाणी रोज पूर्ण बदला, कोरा चहा गार करून त्यात थोडा घाला, त्याने बुरशीला आळा बसतो.

"आणि फ्रिजमध्ये ठेवता आलं तर सगळ्यात चांगलं," डॉक्टर म्हणाल्या. "थंडीत बुरशी वाढत नाही. हे प्राणी ती थंडी सोसतात."

कौसाबाई मागून म्हणाल्या, "अन्नाच्या फ्रिजात? माझ्या घरात नाय हां तसलं. देवाचं दूध असतं त्यात."

मैत्रेयीने मागे वळून पाहिलं. वाद घालील, तोंड पाडील, असं कौसाबाईंना वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "बरं. मग आपण बाटल्यांनी करू."

त्या दिवसापासून घरात एक वेगळाच दिनक्रम सुरू झाला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून बर्फाच्या कप्प्यात जायच्या, गोठल्या की टबात तरंगायच्या. नळाच्या पाण्यातल्या औषधाने मोमोची कातडी भाजते म्हणून बादल्या आदल्या दिवशीच भरून उघड्या ठेवायच्या. मैत्रेयी ड्युटीवर जायच्या आधी आणि आल्यावर टबाशी बसे. त्याआधी ती कोपरापर्यंत हात धुवी, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, सगळं. ओल्या हातांची ओंजळ पाण्यात सोडी आणि मोमोला पकडत नसे. हात नुसते त्याच्याखाली नेऊन थांबे. तो आपणहून तळव्यावर टेकला, की मगच अलगद दुसऱ्या टबात नेई.

कौसाबाई पहिल्या दिवशी दारातून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी जवळ स्टूल घेऊन बसल्या.

"पाव्हण्यावानी चाय पाजतेस काय त्याला?" चहाचं तपकिरी पाणी ओतताना पाहून त्या म्हणाल्या.

"बिनसाखरेची," मैत्रेयी म्हणाली आणि हसली. मग टबावर काळं फडकं अंथरत तिने सांगितलं, "याला पापण्या नसतात ना आई. उजेड नको वाटला तरी डोळे मिटता येत नाहीत."

हे कौसाबाईंना ठाऊक नव्हतं. इतके महिने ते ध्यान घरात होतं, दिवाळीत सनीने टाकीभोवती दिव्यांची माळ लावली होती, आणि त्याला डोळे मिटता येत नव्हते. त्यांनी उठून खिडकीचा पडदाही ओढून घेतला.

कौसाबाईंनी गुरं वाढवली होती. वांगणीला त्यांच्या दावणीला एक म्हैस होती, तिच्या खुरात किडे पडले तेव्हा जवळ जायला माणसं नाक धरत. कौसाबाईंनीच तिचा पाय मांडीवर घेऊन धुतला होता. आजारी जिवाला कोण हात लावतं आणि कोण लावल्यासारखं करतं, हे त्यांना बरोबर कळायचं. मैत्रेयीचा हात पहिल्या प्रकारचा होता. बारा-बारा तास दुसऱ्यांची लेकरं सांभाळून आलेली बाई, पाय सुजलेले, आणि तरी त्या टबाशी बसली की तिला कसलीच घाई नसे. हे सनीवर उपकार म्हणून नव्हतं, कोणाला दाखवायला तर मुळीच नव्हतं. दिवसा बाटल्या बदलायचं काम मग कौसाबाईंनी स्वतःच मागून घेतलं.

"तू जा निवांत. मी हाय," त्या म्हणाल्या.

बुरशी वाढायची थांबली होती, पण हटत नव्हती. आणि अशातच एका सकाळी वीज गेली. तासाभराने येईल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग कळलं, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, आज काही खरं नाही. दुपार चढायला लागली तशी फ्रिजमधल्या बाटल्यांचं पाणी झालं. कौसाबाई खाली जाऊन दुकानातून बर्फ मागून आल्या. सगळ्या मांजर्लीला बर्फ हवा होता, कुठे मिळणार? त्यांनी टबावर ओलं फडकं टाकलं, पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या. मोमोने पाण्यावर येऊन तोंड उघडलं, मग एका बाजूला कलला. त्याचे कल्ले हलायचे थांबले की काय, म्हणून कौसाबाई वाकून बघत राहिल्या.

त्यांनी मैत्रेयीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. मागे कसली तरी यंत्रं टिक टिक करत होती.

"गो पोरी, लाईट नाय. बर्फ नाय. पुठ्ठ्यानं वारा घालतेय, तरी ते कलंडलंय."

मैत्रेयी म्हणाली, "आई, मला आत्ता निघता येणार नाही. इथे एक बाळ आहे, त्याला सोडून येता येत नाही." मग म्हणाली, "तुम्ही पाणी प्यायलात का? चक्कर नाही ना येत? पुठ्ठा ठेवा खाली आणि सावलीत बसा. तुमच्याने जेवढं झालं तेवढं झालं. त्याचं काही झालं तरी मी सनीला सांगेन."

कौसाबाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. आतापर्यंत त्या प्राण्यासाठी जिवाचं रान करणारी पोरगी, आणि पहिला प्रश्न तिने सासूच्या पाण्याचा विचारला होता.

"तुमच्या बुवापाड्याला लाईट हाय काय?" त्यांनी विचारलं.

"असेल. आई-पप्पा घरीच आहेत. पप्पांना पाठवू का?"

"त्यांना कशाला उन्हातानात. मीच येते त्याला घेऊन. तुझ्या आईला सांग, येतेय म्हणून."

मैत्रेयी एवढंच म्हणाली, "सांगते."

कौसाबाईंनी मोठा स्टीलचा डबा घेतला. मैत्रेयी करायची तसे कोपरापर्यंत हात धुतले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो प्राणी हातात घेतला. त्याला पकडलं नाही, हात खाली नेऊन थांबल्या. मोमो तळव्यावर येऊन पडला. ओला, गुळगुळीत, आणि इतका हलका की त्यांना भरून आलं. डब्याला ओला टॉवेल गुंडाळून, वरचं झाकण किलकिलं ठेवून त्या रिक्षात बसल्या.

"मावशी, आत काय आहे? मासे का?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"आजारी माणूस हाय," कौसाबाई म्हणाल्या. "खड्डे चुकव."

त्याने खड्डे खरंच चुकवले.

बुवापाड्यात शिरल्यावर गल्ल्या एकसारख्या दिसायला लागल्या. कोणाला विचारावं म्हणून कौसाबाई डोकं बाहेर काढतात, तो वळणावर छत्री घेऊन उभ्या असलेल्या भागीरथीबाई दिसल्या. लग्नाच्या दिवशी पाहिल्या होत्या त्याहून बारीक झालेल्या. त्यांनी आधी छत्री कौसाबाईंच्या डोक्यावर धरली, मग डब्याला हात लावला.

"या ताई. सांभाळून, पायरी उंच आहे."

घर दोन खोल्यांचं, पत्र्याच्या खाली छत घातलेलं. कूलर चालू होता. भिंतीजवळ छोटा फ्रिज होता, त्याचं दार उघडं होतं आणि भीमराव, मैत्रेयीचे वडील, खालचा कप्पा फडक्याने पुसत होते. फ्रिजमधली भाजी, दूध, मळलेली कणीक, सगळं बाहेर ओट्यावर मांडलेलं होतं.

"मैत्रूने सांगितलंय," भीमराव म्हणाले. "एकदम आत ठेवायचं नाही. आधी जरा गार, मग अजून गार. नाहीतर धसका बसतो त्याला."

कौसाबाई ओट्यावरच्या दुधाकडे पाहत राहिल्या. "वैनी, अन्नाच्या जागी ठेवणार तुमी हे?"

भागीरथीबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरल्या. त्यांना पालीची भयंकर भीती होती, ती चेहऱ्यावर सरळ दिसत होती. पण म्हणाल्या, "आजारी जीव आहे ताई. भाजीचं काय, ती बाहेरही राहील."

पाटावर बसून कौसाबाईंनी डबा मांडीवर घेतला. मैत्रेयीने सांगितलेलं भीमराव वाचून दाखवावं तसं हळू सांगत होते, भागीरथीबाई मान दुसरीकडे फिरवून गार पाण्याचं भांडं पुढे करत होत्या, आणि कौसाबाई वाटी-वाटीने जुनं पाणी काढून नवं घालत होत्या. बऱ्याच वेळाने मोमो सरळ झाला. कल्ल्यांची एकच फडफड झाली. मग थांबून पुन्हा एक.

"हाय! हाय जिवंत!" कौसाबाई ओरडल्या, आणि भागीरथीबाई पालीची भीती विसरून डब्यावर वाकल्या.

डबा फ्रिजमध्ये गेल्यावर तिघांच्याही लक्षात आलं, की जेवायची वेळ कधीच टळून गेलीय. भागीरथीबाईंनी चाचरत विचारलं, "ताई, थोडं काही... तुमचा उपवास वगैरे नसला तर?"

"कसला उपवास," कौसाबाई म्हणाल्या. "भूक लागलीय."

तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. कौसाबाईंनी दुसरी भाकरी मागून घेतली, आणि बोंबील आधी भाजून मग कुटता की तसेच, हे विचारलं. भागीरथीबाईंनी सांगितलं ते त्यांना पटलं नाही. त्यावरून दोघींची चांगली जुंपली. भीमराव गालात हसत पानावरून उठले.

सूर्य कलल्यावर मैत्रेयी थेट ड्युटीवरून आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, खांद्यावर पर्स. दारात चप्पल काढली आणि फ्रिजकडे न जाता सासूसमोर येऊन बसली. त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मनगट धरलं.

"मला काय झालंय?" कौसाबाई म्हणाल्या. "त्याला बघ आधी."

"बघते. बाळ पण बरंय तिकडचं," ती म्हणाली. मग कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि फ्रिज उघडला.

मांजर्लीची वीज दुसऱ्या दिवशी आली, पण मोमोला आता हलवू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. कौसाबाईही हलल्या नाहीत. सुजित कारखान्यातून परस्पर बुवापाड्याला जेवायला यायला लागला. मैत्रेयी संध्याकाळी येऊन पाणी बदली, आणि तिच्या शेजारी दोन्ही आया स्टुलं टाकून बसत. पांढरा कापूस हळूहळू सुटून पाण्यात यायला लागला. तो सगळा गेला तेव्हा खाली जे उरलं ते बघवेना. डाव्या बाजूला पिसं नव्हतीच. नुसत्या तीन बोडक्या काड्या राहिल्या होत्या.

"अर्धं गेलंच की गो," कौसाबाई म्हणाल्या. त्यांना एवढं वाईट वाटेल असं त्यांना स्वतःलाच वाटलं नव्हतं.

"येईल आई," मैत्रेयी म्हणाली. "याचा पाय तुटला तरी नवा येतो. फक्त याने खाल्लं पाहिजे."

खायला तो तयार नव्हता. दुकानातून आणलेल्या गोळ्या त्याने तोंडात घेऊन टाकून दिल्या. तेव्हा कौसाबाई आणि भागीरथीबाई उठून घराच्या मागे गेल्या. तिथे मोरीचं पाणी जायचं आणि केळीचं एक बेट वाढलं होतं. कौसाबाईंनी पदर खोचून खुरप्याने ओली माती उकरली, भागीरथीबाईंनी करवंटी धरली. पालीला घाबरणारी बाई गांडुळं मात्र चिमटीत धरून मोजल्यासारखी करवंटीत टाकत होती. कौसाबाई कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या, आणि मग दोघींनाही हसू आवरेना.

मैत्रेयीने गांडूळ धुतलं, त्याचा बारीक तुकडा केला आणि मोमोच्या तोंडासमोर हलवला. मोमो बघत राहिला. ती तशीच थांबली. हात अवघडला असेल, पण तिने तो हलवला नाही. अखेर मोमोने एकदम तोंड उघडलं आणि तुकडा गिळला.

भीमरावांनी चष्मा काढून पुसला.

हळूहळू त्याला फ्रिजमधून टबात, पुन्हा नेहमीच्या पाण्यात आणायला सुरुवात झाली, आणि एका संध्याकाळी त्या बोडक्या काड्यांवर लाल लव दिसली. इतकी बारीक, की मैत्रेयीने मोबाइलची बॅटरी आडून धरली तेव्हाच कौसाबाईंना दिसली. सनीला फोन लावला. पडद्यावर तो बराच वेळ मोमोकडेच पाहत होता.

"वहिनी, मला तर वाटलं होतं गेला तो," सनी म्हणाला. "कसं केलंस तू हे?"

"मी काय केलं? पाणी बदललं," मैत्रेयी म्हणाली. "आईंनी आणलं त्याला इथवर. माझ्या आईने फ्रिज दिला."

"तसं नाय," कौसाबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला, पण बोलल्या ते फोनकडे पाहून नाही. "मी आयुष्यभर गुरं केली. आजारी जितराबाला कसा हात लावायचा ते मला कोणी शिकवू नये. पण तुझ्या वैनीसारखा हात मी बघितला नाय. सनी, तुला सांगते. त्या इस्पितळातल्या पोरांच्या आया नशीबवान हायत, की त्यांची लेकरं हिच्या हातात हायत."

मैत्रेयी टबाकडे पाहत होती. तिने मान वर केली नाही. फडकं दुमडून घडी घालत होती, ती घडी उलगडून पुन्हा घातली. "आई, पाणी गरम होतंय त्याचं," ती म्हणाली.

"मग दे इकडे," कौसाबाई म्हणाल्या, आणि हात धुवायला मोरीकडे गेल्या.

रविवारी सुजितने गाडी ठरवली आणि मोमो मांजर्लीला परत गेला, नव्या टाकीत. टाकीवर आता पंखा बसवला होता आणि खिडकीला जाड पडदा. भागीरथीबाई आणि भीमराव सोबत आले होते. बिल्डिंगखाली कोणीतरी विचारलं, "काय कौसाबाई, ते तुमचं अक्कलकोट मेलं नाही का अजून?"

"का मरंल?" कौसाबाई म्हणाल्या, आणि गाडीतून उतरणाऱ्या विहिणीला हात देत त्यांनी तिथेच, भर उन्हात उभं राहून, आपल्या सुनेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.